प्रोटीनमध्ये एकही ट्रान्समेंब्रेन हेलिक्स नाही, तरी ते मेंब्रेनमध्येच सापडतं, कसं काय?

पेशीपटल_हैराण
नमस्कार मंडळी, एमएस्सी बायोकेम पहिलं वर्ष. आम्हाला असाइनमेंट म्हणून ग्रुपवार एकेक अनोळखी प्रोटीनचा सिक्वेन्स दिलाय, ते पेशीत कुठे असेल आणि का ते सांगायचं, पण ब्लास्ट (ऑनलाइन सिक्वेन्स जुळवून प्रोटीन शोधणं) मारायचा नाही अशी सरांची अट आहे (मारला तर कळतं म्हणे त्यांना, कसं ते माहीत नाही). आमचं प्रोटीन ३५४ अमिनो आम्लांचं आहे. हायड्रोपॅथी प्लॉट (कुठला भाग किती तेलकट त्याचा आलेख) काढला तर सगळं सपाट, आरपार जाईल असा वीस-एकवीसचा तेलकट तुकडा कुठेच नाही, सिग्नल पेप्टाइडही (प्रोटीन कुठे पाठवायचं ते सांगणारं सुरुवातीचं टोक) नाही. म्हणून आम्ही बिनधास्त सायटोसॉल (पेशीतला पाणीदार भाग) लिहिलं. सर म्हणाले चूक, हे मेंब्रेनला असतं, लिपिड अँकर (प्रोटीनला लागलेली तेलकट शेपटी) वाचा, आणि निघून गेले.

आता पुस्तकात दोन पानांत सगळं कोंबलंय, मायरिस्टॉइल, पामिटॉइल, फार्नेसिल, जेरानिलजेरानिल, जीपीआय, आणि खाली एक आकृती ज्यात सगळ्या शेपट्या सारख्याच दिसतात. मला मुळातच कळत नाहीये की मेंब्रेनला राहायचंच आहे तर प्रोटीन सरळ एक हेलिक्स घालून आरपार का जात नाही, ही शेपटीची भानगड कशाला? आणि पुस्तक म्हणतं "कोव्हॅलंटली अटॅच्ड टू मेंब्रेन", मग ते सुटतं कसं, कारण पुढच्याच परिच्छेदात "रिव्हर्सिबल" लिहिलंय. डोकं फिरलंय.

जुनी_बायोकेमवाली
अगं शांत हो. तीस वर्षं हेच शिकवलंय आणि दरवर्षी पोरं याच जागी अडकतात. आमच्या लहानपणी अँकर म्हटलं की नांगर म्हणायचे आणि मला शेतातलाच नांगर आठवायचा, ते असो.

पहिली गोष्ट, कोव्हॅलंट बंध कुणामध्ये आहे ते नीट बघ. तो प्रोटीन आणि शेपटी यांच्यात आहे, शेपटी आणि मेंब्रेन यांच्यात नाही! शेपटी मेंब्रेनच्या तेलात नुसती खुपसलेली असते, पाणी नको म्हणून तेलात जाऊन बसते, एवढंच. पुस्तकातलं ते वाक्यच ढिसाळ आहे. म्हणजे सुटायचे रस्ते दोन, एक तर शेपटी प्रोटीनपासून तोडायची, नाहीतर शेपटीसकट बाहेर यायचं.

दुसरं, सगळ्या शेपट्या सारख्या नाहीत. मी वर्गात टिकली आणि गोंदण असं सांगायचे. मायरिस्टॉइल म्हणजे १४ कार्बनची सरळ साखळी, प्रोटीनच्या सुरुवातीला मेथिओनिन कापलं गेल्यावर जो ग्लायसीन उघडा पडतो त्याला अमाइड बंधाने लागते, आणि तीही प्रोटीन रायबोसोमवर अजून तयार होत असतानाच. ते गोंदण, जन्मभर राहतं. पामिटॉइल १६ कार्बनची, सिस्टीनच्या गंधकाला थायोएस्टर बंधाने लागते, तो बंध पेशीतली एन्झाइम्स पटकन तोडू शकतात. ती टिकली, लावली काढली लावली काढली. फार्नेसिल १५ आणि जेरानिलजेरानिल २०, याही सिस्टीनलाच पण थायोइथर बंधाने, शेपटाकडच्या टोकाला. तेही गोंदणच समज.

आणि हेलिक्स का नाही? हेलिक्स घातलं की प्रोटीन ईआर, गॉल्जी या पेशीतल्या कप्प्यांमधून ठरलेल्या वाटेने जाऊन मेंब्रेनमध्ये कायमचं चिणलं जातं. ज्याला येजा करायची आहे त्याला ते परवडत नाही. तुझ्या प्रोटीनची पहिली सहा-सात अक्षरं आणि शेवटची चार अक्षरं इथे टाक बघू. अख्खं उत्तर मी देणार नाही हं.

श्रीखंड_प्रेमी
विषय झेपत नाहीये पण मायरिस्टिक ॲसिड हे नाव मायरिस्टिका म्हणजे जायफळावरून आलंय ना? मग श्रीखंडात जायफळ जास्त घातलं तर प्रोटीनं मेंब्रेनला जास्त चिकटतील का 😂

जुनी_बायोकेमवाली
नाही, फक्त झोप जास्त लागेल. पण नावाचं बरोबर आहे, जायफळाच्या चरबीत ते भरपूर सापडलं म्हणून तसं नाव. खोबरेल तेलातही चांगलं असतं. पामिटिक पाम तेलावरून. आणि गंमत सांगते, फार्नेसिल हे नाव ज्या झाडावरून आलं ते म्हणजे आपली देवबाभूळ, ती पिवळ्या गोंड्यांची वासाची, तिच्या शास्त्रीय नावात फार्नेसियाना आहे, रोममधल्या फार्नेसे घराण्याच्या बागेवरून पडलेलं. कॅन्सरच्या औषधांपर्यंत पोचलेलं नाव कुंपणाच्या बाभळीत अडकलेलं आहे.

जर्मनीतला_गडी
मॅडम, टिकली-गोंदण ढापतोय, पुढच्या टॉकमध्ये वापरणार, जर्मन लोकांना टिकली समजावण्यात दहा मिनिटं जातील ती जातील.

पण एक भर घालतो कारण इथेच खरी मजा आहे. मायरिस्टॉइल गोंदण आहे, सुटत नाही, बरोबर. पण ते एकटं प्रोटीनला मेंब्रेनवर धरून ठेवायला पुरेसं नसतं. १४ कार्बनच्या साखळीचा मिळून साधारण आठेक किलोकॅलरी पर मोलचा फायदा होतो. ऐकायला बरं वाटतं, पण हिशेब केला की एक मायरिस्टॉइल असलेलं प्रोटीन मेंब्रेनवर येतं आणि उठून जातं, येतं आणि उठून जातं. बसमध्ये एका हाताने दांडा धरून उभ्या माणसासारखं, घाटात पहिल्या वळणावर सुटणार. म्हणून जवळपास प्रत्येक ठिकाणी दुसरा हात लागतो. सार्क (Src) नावाच्या कायनेजमध्ये (कायनेज म्हणजे फॉस्फेट लावणारं एन्झाइम) तो दुसरा हात म्हणजे सुरुवातीलाच असलेले लायसिन-आर्जिनिन, त्यांचा धन भार आणि मेंब्रेनच्या आतल्या पदराचा ऋण भार (तिथे फॉस्फॅटिडिलसेरीन असतं) एकमेकांना ओढतात. त्याच्याच कुटुंबातल्या एलसीके आणि फिनमध्ये तो दुसरा हात म्हणजे पामिटॉइल.

हे मला आधी डिझाइनमधली चूक वाटायची, की बाबा दोन कार्बन वाढवले असते तर काय बिघडलं असतं. आता उलट वाटतं. पहिला हात मुद्दामच कमजोर आहे, म्हणून तर दुसऱ्या हाताने ठरवता येतं की कधी बसायचं, कुठल्या मेंब्रेनवर बसायचं. पहिला हातच पक्का असता तर प्रोटीन पेशीतल्या मिळेल त्या पहिल्या मेंब्रेनला जाऊन चिकटलं असतं आणि तिथेच बसलं असतं.

आणि गोंदण पुसता येत नसलं तरी पदराखाली झाकता येतं की! डोळ्याच्या रेटिनामध्ये रिकव्हरिन नावाचं प्रोटीन आहे, कॅल्शियम नसताना ते मायरिस्टॉइल स्वतःच्याच पोटात दुमडून ठेवतं, कॅल्शियम बसलं की शेपटी बाहेर आणि प्रोटीन मेंब्रेनवर. एबीएल कायनेजमध्येही तसंच, शेपटी स्वतःच्याच खाचेत जाऊन बसते आणि त्याने कायनेज बंद राहतं. सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये एबीएलचं दुसऱ्या प्रोटीनशी फ्यूजन होताना ते मायरिस्टॉइलवालं टोकच गायब होतं, मग कुलूप उघडंच. २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं ॲसिमिनिब हे औषध नेमकं त्या रिकाम्या खाचेत जाऊन बसतं, शेपटीची जागा घेतं म्हणा ना. शेपटी नाही तर शेपटीचा तोतया.

पेशीपटल_हैराण
मॅडम, दादा, खूप खूप धन्यवाद, दोन पानांत जे कळलं नाही ते टिकलीत कळलं. हे घ्या (जी म्हणजे ग्लायसीन, सी म्हणजे सिस्टीन):

सुरुवात: एम-जी-सी-टी-एल-एस-ए-ई
शेवट: ...के-डी-सी-जी-एल-एफ

दुसऱ्या जागी जी आहे म्हणजे मायरिस्टॉइल, बरोबर? पण आमच्या ग्रुपमधला एकजण म्हणतोय की शेवटून चौथा सिस्टीन आहे म्हणजे हा सीएएएक्स बॉक्स, म्हणजे फार्नेसिल किंवा जेरानिलजेरानिल. मग दोन्ही टोकांना शेपट्या?? मांजराला दोन शेपट्या असल्यासारखं वाटतंय.

जर्मनीतला_गडी
वा! सर हुशार आहेत तुमचे, सिक्वेन्स मुद्दाम निवडलाय, सापळा आहे तो. मॅडम सांगायचं का?

जुनी_बायोकेमवाली
थांब जरा, आधी सीएएएक्स म्हणजे काय ते सांग तिला, मग तिलाच ओळखू दे.

जर्मनीतला_गडी
ठीक. सीएएएक्स म्हणजे शेवटून चौथा सिस्टीन, मग दोन ॲलिफॅटिक म्हणजे व्हॅलिन, आयसोल्युसिन, ल्युसिन असे तेलकट, आणि शेवटचं एक्स. एक्सवर ठरतं कुठली शेपटी लागणार. शेवटी मेथिओनिन, सेरीन, ॲलॅनिन, ग्लुटामिन असेल तर साधारण फार्नेसिल, ल्युसिन असेल तर जेरानिलजेरानिल. शेपटी लागली की पुढची तीन अक्षरं कापून टाकतात आणि उघड्या पडलेल्या टोकाला मिथाइल लावतात, म्हणजे तिथला ऋण भारही जातो आणि टोक अजून तेलकट होतं. तीन एन्झाइम, तीन पायऱ्या, पहिली सायटोसॉलमध्ये आणि पुढच्या दोन ईआरच्या पृष्ठभागावर.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे रास, पेशीला वाढीचा सिग्नल देणारं प्रोटीन, आणि यात दोन हातांची तीच गोष्ट परत दिसते. एचरास, एनरास, केरास, तिघांनाही फार्नेसिल लागतं, पण फार्नेसिलही एकटं कमीच पडतं. एचरासला वर दोन पामिटॉइल, एनरासला एक, आणि केरास ४बी ला एकही नाही, तिथे ओळीने सहा लायसिन आहेत, भाराच्या जोरावर चिकटतं. एनरासचं पामिटॉइल मिनिटांच्या हिशेबात निघतं, मग ते प्रोटीन पेशीभर भटकतं, गॉल्जीवर गेलं की तिथली एन्झाइम्स परत पामिटॉइल लावतात, परत व्हेसिकलमध्ये बसून पेशीच्या बाहेरच्या मेंब्रेनवर. गोल गोल फेऱ्या, सर्क्युलर लोकलसारखं.

आता औषधवाल्यांची गोष्ट ऐका, हा माझा आवडता फजितीचा किस्सा आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कळलं की फार्नेसिल नसेल तर रास कामच करत नाही, आणि कॅन्सरमध्ये रास तर जिथेतिथे बिघडलेलं. रासवर थेट औषध बसवायला तेव्हा खाच सापडत नव्हती. मग सगळ्यांनी विचार केला, रास सोडा, फार्नेसिल लावणारं एन्झाइमच बंद करू. कंपन्या तुटून पडल्या. डिशमध्ये आणि उंदरांत, विशेषतः एचरासवाल्या ट्यूमरमध्ये, झकास निकाल. माणसात पॅन्क्रियाच्या कॅन्सरमध्ये, जिथे जवळपास सगळा केरासचा खेळ, टिपिफार्निब दिलं आणि २००४ मध्ये मोठ्या ट्रायलचे निकाल आले, आयुष्यात काही वाढ नाही. कारण? फार्नेसिल मिळेना म्हटल्यावर केरास आणि एनरास शेजारच्या दुकानात गेले. दुसऱ्या एन्झाइमने त्यांना जेरानिलजेरानिल लावून दिलं, १५ ऐवजी २० कार्बन, अजून घट्ट! आणि हे १९९७ मध्येच पेशींवर दिसलं होतं, तरी गाडी पुढे धावत राहिली. एचरासला मात्र ती सोय नाही, म्हणूनच तेच टिपिफार्निब नंतर एचरास बिघडलेल्या डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी परत बाहेर काढलं गेलं.

जुनी_बायोकेमवाली
आणि त्याच औषधांतलं एक, लोनाफार्निब, शेवटी प्रोजेरियाला उपयोगी पडलं, ते राहिलं तुझं. त्या मुलांमध्ये लॅमिन ए चा पन्नास अमिनो आम्लांचा तुकडा गळतो आणि नेमकी त्या तुकड्यात ती जागा असते जिथे कापून फार्नेसिलवालं टोक काढून टाकायचं असतं. ते निघत नाही, म्हणून प्रोटीन न्यूक्लियसच्या आवरणाला कायमचं चिकटून बसतं आणि न्यूक्लियस वेडंवाकडं होतं. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत मंजूर झालं, मुलांचं आयुष्य काही वर्षांनी वाढतं, बरं करत नाही. म्हणजे इथे आजार शेपटी नसण्याचा नाही, शेपटी न सुटण्याचा आहे. कॅन्सरसाठी केलेली खटपट वाया गेली नाही एवढंच समाधान.

हैराण, आता तू सांग, सी-जी-एल-एफ बसतं का या नियमात?

पेशीपटल_हैराण
सी नंतर ग्लायसीन आहे, तो तेलकट नाही... आणि शेवटी फेनिलॲलॅनिन, जो दादाच्या यादीत नाहीये. म्हणजे शेपटी नाही लागणार?

जुनी_बायोकेमवाली
शाब्बास.

जर्मनीतला_गडी
बरोब्बर. शेवटून चौथा सिस्टीन दिसला की सीएएएक्स ओरडायचं नाही. (फेनिलॅलॅनिनचं एकट्याचं कारण देऊ नकोस हं वायवात, एक्सचे नियम थोडे सैल आहेत, शेवटी फेनिलॲलॅनिन असूनही शेपटी लागलेली प्रोटीनं आहेत. ग्लायसीनचं कारण जास्त धरून ठेव.) पण त्या सिस्टीनला दुसरं एक फार प्रसिद्ध काम आहे, किंवा खरं तर दुसरं कोणीतरी त्याचा फायदा घेतं. हिंट, डांग्या खोकला.

आणि अजून एक हिंट, चाळिसाव्या अमिनो आम्लाच्या जरा पुढे जी-ए-जी-ई-एस-जी-के-एस-टी सापडतंय का बघ.

मिरजेचा_पॅथॉलॉजिस्ट
मध्येच घुसतोय. तुम्ही सगळे मेंब्रेनच्या आतल्या बाजूबद्दल बोलताय, आम्ही रोज बाहेरची बाजू बघतो म्हणून दोन शब्द जीपीआयवर, कारण परीक्षेला ते हमखास येतं आणि पोरं ते बाकीच्या शेपट्यांच्याच रांगेत लिहून मोकळी होतात.

जीपीआय अँकर म्हणजे आकाशकंदील समजा. गॅलरीच्या बाहेर टांगलेला, आत त्याचं काहीच नाही. प्रोटीनचं शेवटचं टोक, त्याला फॉस्फोइथेनोलामाइन, मग तीन मॅनोज, मग ग्लुकोसामाइन, मग इनोसिटॉलवालं लिपिड, आणि ते लिपिड फक्त बाहेरच्या पदरात खुपसलेलं. हे अख्खं दोर-हुकाचं सामान ईआरमध्ये आधीच तयार करून ठेवतात आणि प्रोटीन तयार झालं की त्याचं शेपूट कापून त्या जागी ते जोडतात. माणसात दीडशेच्या आसपास प्रोटीनं अशी टांगलेली असतात.

आता पीएनएच, हा लाल पेशी फुटण्याचा रक्ताचा आजार. ते सामान बनवण्याची पहिली पायरी पिग-ए या जीनवर अवलंबून, आणि हा जीन एक्स क्रोमोसोमवर. पुरुषाकडे एक्स एकच, बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक बंद, म्हणजे रक्ताच्या एका स्टेम सेलमध्ये एकच म्युटेशन पुरेसं. बाकीच्या पायऱ्यांचे जीन जवळपास सगळे इतर क्रोमोसोमांवर, तिथे दोन्ही प्रती बिघडायला लागतात, म्हणून पीएनएच म्हटलं की बहुतेक वेळा पिग-ए. हा जीन १९९३ मध्ये ओसाकाच्या मंडळींनी शोधला. त्या स्टेम सेलपासून झालेल्या लाल पेशींवर एकही कंदील नाही, म्हणजे सीडी५५ नाही, सीडी५९ नाही, आणि हीच दोन प्रोटीनं आपल्याच कॉम्प्लिमेंटपासून (रक्तातली जंतू मारणारी प्रोटीनं) लाल पेशीला वाचवत असतात. परिणाम, स्वतःच्याच रक्तात पेशी फुटतात आणि सकाळची लघवी काळ्या चहासारखी. भीती ॲनिमियापेक्षा गुठळ्यांची जास्त, पोटातल्या शिरांतही होतात.

लॅबमध्ये आम्ही फ्लो सायटोमेट्री करतो. लाल पेशींवर सीडी५९, आणि पांढऱ्यांवर फ्लेअर. फ्लेअर हा भारी प्रकार आहे, एका जंतूचं विष, एरोलायसिन, त्याचं भोक पाडणं बंद केलेलं आणि चमकणारा रंग लावलेला. ते थेट जीपीआयच्या साखरेच्या भागाला धरतं, म्हणजे कुठला कंदील ते न बघता हूक आहे की नाही तेच बघायचं. नवीन रेसिडेंट नेहमी करतात ती चूक म्हणजे नुसत्या लाल पेशी बघून रिपोर्ट देणं. पेशंटला नुकतं रक्त चढवलेलं असलं की दात्याच्या चांगल्या पेशी मिसळलेल्या असतात, शिवाय बिघडलेल्या पेशी तर फुटून गेलेल्या, मग क्लोन (बिघडलेल्या पेशींचा वाटा) छोटा दिसतो. खरा आकडा ग्रॅन्युलोसाइटमध्ये, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींत. एकदा एका पेशंटचं असंच झालं, आधीच्या ठिकाणी लाल पेशींवर फार किरकोळ म्हणून सोडून दिलेलं, आमच्याकडे ग्रॅन्युलोसाइट बघितल्या तर निम्म्याहून जास्त कंदील गायब.

२००७ पासून एक्युलिझुमॅब आहे, कॉम्प्लिमेंटचं सी५ अडवतं, आधी मेनिंगोकोकसची लस घ्यावीच लागते. किंमत विचारू नका.

गुरांचा_डॉक्टर
सर कंदील आवडला. आमच्याकडं विदर्भात बैल-म्हशींना सर्रा होते, ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय, गोमाश्या चावून पसरते. त्या जंतूच्या अंगावर एकाच प्रोटीनचा जाडजूड कोट असते, व्हीएसजी म्हणतात, आणि तो पूर्ण कोट जीपीआयनंच टांगलेला. गुराच्या शरीरानं त्या कोटाविरुद्ध अँटिबॉडी तयार केली की हा दुसऱ्या व्हीएसजीचा कोट घालून तयार. म्हणून ताप येते, उतरते, परत येते. जीपीआयची पूर्ण रचना पहिल्यांदा १९८८ मध्ये कळली ती याच्याच चुलतभावाच्या, आफ्रिकेतल्या झोपेच्या आजाराच्या जंतूच्या कोटावरून, कारण एका जंतूवर त्या प्रोटीनच्या कोटीभर प्रती असतात, माल भरपूर मिळते.

माणसाला सर्रा होत नाही असंच आम्ही शिकलो होतो. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला झाला, जगातली नीट सिद्ध झालेली ती पहिलीच केस, त्याच्या रक्तात एपीओएल१ हे जंतूला मारणारं प्रोटीनच नव्हतं म्हणून. विषयाला सोडून आहे पण आपल्या भागातली गोष्ट म्हणून सांगितली.

आईची_गोळी
मी आयटीवाला, चुकून इथे आलो आणि तासभर वाचतोय. एक शंका, माझ्या आईला हाडांसाठी आठवड्याला एक गोळी आहे, ॲलेंड्रोनेट, उपाशीपोटी भरपूर पाण्याबरोबर आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही अशी कडक शिस्त. गूगल केलं तर त्यातही "प्रेनायलेशन" असा शब्द येतोय. हे तेच का?

जर्मनीतला_गडी
तेच! प्रेनायलेशन म्हणजे फार्नेसिल किंवा जेरानिलजेरानिल शेपटी लावणं. ती गोळी हाडात जाऊन बसते, आणि हाड पोखरणारी जी पेशी असते, ऑस्टिओक्लास्ट, ती हाड खाताना गोळीही खाते. गोळी तिच्या आत फार्नेसिलचा कच्चा माल तयार करणारं एन्झाइम बंद करते, त्यातूनच पुढे जेरानिलजेरानिलही बनतं, मग रो, रॅक, रॅब या रासच्या नात्यातल्या प्रोटीनांना शेपट्या मिळत नाहीत, ती मेंब्रेनवर आपल्या जागी बसू शकत नाहीत, आणि पेशीला हाडाला चिकटून पोखरण्याचं काम जमत नाही, शेवटी मरते. गंमत म्हणजे गोळी बाजारात आल्यावर काही वर्षांनी हे कारण नीट कळलं. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी त्याच रस्त्यावर आणखी आधीचं फाटक बंद करते, पण ती मुख्यतः लिव्हरमध्ये काम करते, हाडात पुरेशी पोचत नाही. अर्धा तास आडवं न होण्याचा शेपटीशी संबंध नाही, ती अन्ननलिकेला भाजते म्हणून. आईंना शिस्त पाळायला सांगा.

पेशीपटल_हैराण
सापडलं सापडलं!! जी-ए-जी-ई-एस-जी-के-एस-टी चाळीसपासून आहे, तो जीटीपी धरणारा तुकडा, पी-लूप. आणि डांग्या खोकल्याच्या जंतूचं विष ज्या सिस्टीनवर एडीपी-रायबोज चिकटवतं तो म्हणजे जी-प्रोटीनच्या (रिसेप्टरचा निरोप पेशीत पोचवणाऱ्या) अल्फा आय चा शेवटून चौथा सिस्टीन, ३५१ नंबर! म्हणजे आमचं प्रोटीन जी-अल्फा-आय. आणि तो जंतू तिथे रायबोज चिकटवतो म्हणून रिसेप्टरला ते जी-प्रोटीन धरता येत नाही. हे पुस्तकात सिग्नलिंगच्या धड्यात वाचलेलं, सिक्वेन्समध्ये बघून ओळखता येईल असं वाटलंच नव्हतं.

मग शेपटीचं असं, दुसऱ्या जागी ग्लायसीन, त्यावर मायरिस्टॉइल, सहाव्या जागी सेरीन आहे जो त्या एन्झाइमला आवडतो (हे आज वाचलं). आणि तिसऱ्या जागचा सिस्टीन, तो पामिटॉइल? म्हणजे गोंदण आणि टिकली शेजारी शेजारी?

जुनी_बायोकेमवाली
गोंदण आणि टिकली शेजारी शेजारी. कपाळावर जागा तरी किती असते.

जर्मनीतला_गडी
हो. आणि क्रम महत्त्वाचा आहे, हे लिही. आधी मायरिस्टॉइल, त्याच्या जोरावर प्रोटीन मेंब्रेनवर येतंजातं, आणि तिथेच पामिटॉइल लावणारी एन्झाइम्स मेंब्रेनमध्ये रुतून बसलेली असतात, ती याला गाठून टिकली लावतात. त्यामुळे ग्लायसीनचा ॲलॅनिन केला तर मायरिस्टॉइल तर जातंच, पामिटॉइलही जातं, आणि प्रोटीन सायटोसॉलमध्ये. म्हणजे तुमचं पहिलं उत्तर त्या म्युटंटसाठी बरोबर होतं 😄

तिसरा हातही आहे, अल्फाला जोडून असलेली जी-प्रोटीनचीच बीटा-गॅमा जोडी. गॅमाच्या शेवटी खरोखरचा सीएएएक्स असतो, बहुतेकांत जेरानिलजेरानिल, डोळ्यातल्या एकात फार्नेसिल. म्हणजे तुमच्या ग्रुपमधला तो मुलगा चुकला नव्हता, एका प्रोटीनने चुकला. शेपटी होती, पण जोडीदाराला.

पेशीपटल_हैराण
त्याला दाखवते हे, फुशारक्या मारेल आता.

शेवटचं एक, मॅडम. सरांनी विचारलं की ही दोन शेपट्यांची गोष्ट लॅबमध्ये सिद्ध कशी करशील तर? मास स्पेक (वजनावरून रेणू ओळखणारं यंत्र) म्हणू का?

जुनी_बायोकेमवाली
मास स्पेक म्हणशील तर पुढचा प्रश्न तुमच्या कॉलेजात आहे का हा येईल. साधं सांग. आधी ते नुसतं वरवर चिकटलेलं नाही हे दाखव, मेंब्रेन पीएच ११ च्या सोडियम कार्बोनेटने धू, भाराने चिकटलेली प्रोटीनं निघून जातात, तेलात रुतलेली बहुतेक राहतात. मग हायड्रॉक्झिलामाइन, न्यूट्रल पीएचला. ते थायोएस्टर तोडतं, अमाइडला आणि थायोइथरला हात लावत नाही. म्हणजे टिकली निघेल, गोंदण राहील. ज्या सिस्टीनवरून पामिटॉइल निघालं तो उघडा पडतो, त्याला बायोटिन लावून ओढून काढ. बाकीचे सिस्टीन आधीच झाकून ठेवायला विसरू नकोस, आणि हायड्रॉक्झिलामाइन न घातलेला कंट्रोल ठेवल्याशिवाय कोणी विश्वास ठेवणार नाही. मायरिस्टॉइलसाठी अल्काइन लावलेलं नकली फॅटी ॲसिड पेशींना खाऊ घालून नंतर रंग जोडता येतो, आता पोरं तेच करतात. आमच्या वेळी ट्रिशियमवालं असायचं, जेल वाळवून फिल्मला लावायची आणि मायनस सत्तरला महिना-महिना ठेवायची, मग काढून बघायचं तर कोरी. परत महिना.

जर्मनीतला_गडी
आणि मध्ये लाइट गेली की फ्रीजरही गेला.

जुनी_बायोकेमवाली
त्याची आठवण काढू नकोस.

पेशीपटल_हैराण
अपडेट: आज सांगितलं. सरांनी ग्लायसीन, सिस्टीन, हायड्रॉक्झिलामाइन सगळं ऐकून घेतलं, सापळा ओळखला म्हणून जरा हसलेही. मग म्हणाले, "ठीक, पण ब्लास्ट मारला नाहीस हे कशावरून?" मी म्हटलं सर, मारला असता तर सकाळी दहाला दोन मिनिटांत झालं असतं, तीन दिवस झोपले नाही मी. तर म्हणाले सोमवारी गॅमाचा सिक्वेन्स देतो.

जर्मनीतला_गडी
शेवटची चार अक्षरं इथेच टाक.